तिप्पट वेगानं तारामतीबाई

तारामतीबाईंचा आवाज चांगला होता, आणि ही गोष्ट त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रेणापूरच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या तेव्हा शेजारच्या वर्गातल्या गुरुजींचं गणित फळ्यावरच अडून राहायचं, कारण त्यांची पोरं भिंतीला कान लावून बसलेली असायची. पंधरा ऑगस्टचं सूत्रसंचालन बाईंकडे, वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण बाईंकडे, कुणी निवृत्त झालं तर मानपत्राचं वाचनही बाईंकडेच. बाई मानपत्र वाचायला लागल्या की ज्याचा सत्कार तोच डोळे पुसायचा, मग नोकरीत तो कसाही वागलेला का असेना.

असा आवाज निवृत्तीनंतर घरात बसून काय करणार? नवऱ्यावर चालणार. व्यंकटरावांनी तो वर्षभर सोसला. लातूरच्या अंध मुलींच्या वसतिगृहाला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणारी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा बाईंच्याही आधी खूश झाले ते व्यंकटराव. आवाज घुमू नये म्हणून धान्याच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातानं गोधड्या टांगल्या. मुलगा शिवम पुण्याला नोकरीला होता, त्यानं माईक आणि लॅपटॉप पाठवला. बाई आत वाचायला बसल्या की व्यंकटराव बोअरची मोटर बंद करायचे, कुत्र्याला भाकरी टाकायचे आणि ओट्यावर पहारा द्यायचे. गल्लीत भाजीवाला आला तर त्याला आरोळी द्यायच्या आत हातानंच पुढं व्हायला सांगायचे.

बाईंनी दोन वर्षांत स्पर्धा परीक्षांची बरीच पुस्तकं वाचून काढली. इतिहास तर त्यांच्या आवडीचाच. लढाई आली की आवाज चढायचा, राजा पडला की कुजबुजीवर यायचा, आणि मग एक लांबलचक विराम. पण पंचायत राजच्या पुस्तकात भाव कुठून आणायचा? बाईंना तिथंही सापडायचा. सरपंचावरचा अविश्वास ठराव त्या असा वाचायच्या की ओट्यावर बसलेल्या व्यंकटरावांच्याच काळजात धस्स व्हायचं. प्रत्येक प्रकरण संपलं की थोडं थांबून त्या म्हणायच्या, "वाचन, तारामती इगे, रेणापूर." मग समाधानानं बटण बंद.

आपण वाचलेलं मुली कशा ऐकत असतील याचं चित्र बाईंनी मनात पक्कं काढून ठेवलं होतं. संध्याकाळची वेळ, मुली गोल करून बसलेल्या, कुणाचा हात गालावर, आणि मधे बाईंचा आवाज. त्या चित्रावर दोन वर्षं मजेत गेली.

मग एक दिवस प्रीतमचा फोन आला. प्रीतमचं लातूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि वसतिगृहातली जुनी मशीनं तो हौसेनं सांभाळायचा.

"बाई, डिस्क भरली," तो म्हणाला. "तुमचं राहिलेलं पुस्तक आता मावणार नाही. सगळ्या फायली दाबून लहान कराव्या लागतात."

"माझा आवाज दाबायचा?"

"दाबायचा म्हणजे... एमपीथ्री करायचं बाई. सगळी दुनिया करते."

"दुनियेनं काय करायचं ते करू दे. दोन वर्षं घसा कोरडा केला तो दाबून घ्यायला नाही," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या स्वतःच लातूरला निघाल्या. एवढ्या तावातावानं त्या शाळा तपासणीच्या दिवशीसुद्धा कधी निघाल्या नव्हत्या.

वसतिगृहातली कॉम्प्युटरची खोली म्हणजे एका कोचिंग क्लासनं नवीन मशीनं घेतल्यावर काढून टाकलेल्या मशीनांचा वृद्धाश्रम होता. सगळी जुन्या विंडोज एक्सपीच्या काळातली. मॉनिटरच्या पडद्यांची तिथं कुणाला गरज नव्हती, म्हणून प्रीतमनं ते काढून कोपऱ्यात रचून ठेवले होते. स्वतःच्या कामापुरता एक तेवढा जोडलेला होता. मुली कीबोर्डवर बोटं चालवायच्या आणि मशीन त्यांना बोलून सांगायचं, आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, कुठल्या फायलीवर आहोत. अभ्यासाच्या वेळेत मोबाइल ऑफिसात जमा असायचे, त्यामुळे सगळी भिस्त याच म्हाताऱ्या मशीनांवर होती.

खोलीत प्रीतमबरोबर धम्मप्रिया बसली होती. ही लोह्याची मुलगी, लिपिकाच्या परीक्षेची तयारी करणारी. मागच्या खेपेला थोडक्यात हुकली होती. आता परीक्षा पुढच्या महिन्यावर आलेली आणि घरून सांगणं असं की हे एवढं वर्ष बघ, नाही जमलं तर परत ये. बाईंनी वाचायचं शेवटचं पुस्तक राहिलं होतं ते प्रशासनाचं, आणि त्यावर प्रश्न भरपूर यायचे. बाईंचा आवाज तिला पाठ होता, पण बाई समोर आल्या त्या पहिल्यांदाच. ती उठून उभी राहिली आणि पाया पडायला वाकली, तेव्हा बाईंचा अर्धा राग तिथंच उतरला.

उरलेला अर्धा त्यांनी प्रीतमसाठी राखून ठेवला होता. प्रीतम शांतपणे म्हणाला, "बाई, भांडण नको. तुम्ही पाठ करून बसा. तुमचाच एक परिच्छेद मी चार तऱ्हांनी वाजवतो. त्यातला मूळ कोणता ते तुम्ही सांगा. ओळखलात तर एकही फाइल दाबणार नाही, नवीन डिस्क कुठून तरी पैदा करतो."

बाई खुर्ची फिरवून बसल्या. त्यांच्याच आवाजाची परीक्षा, आणि परीक्षक कोण तर प्रीतम!

पहिला तुकडा वाजला आणि बाईंनी नाक मुरडलं. गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा तो आवाज होता. 'स' नाही, 'श' नाही, सगळ्याची पेज झालेली. "हा नाही," त्या म्हणाल्या. दुसरा बरा होता, पण मधेच अडखळत होता, अर्धा शब्द गिळून पुढं जात होता. तिसरा आणि चौथा दोन्ही स्वच्छ. बाईंनी दोन्ही पुन्हा वाजवायला लावले. मग डोळे मिटून, मान डोलावून त्यांनी निकाल दिला.

"तिसरा. तिसरा मूळ. त्यात माझा श्वाससुद्धा ऐकू येतोय."

"तिसरा एमपीथ्री होता," प्रीतम म्हणाला. "चौथा मूळ. चौथ्यासारख्या एका पुस्तकाच्या जागेत तिसऱ्यासारखी दहा मावतात."

बाईंनी खुर्ची परत फिरवली. धम्मप्रियानं हसू आवरायला ओठ दाबले ते त्यांना दिसलं.

"आणि तो अडखळणारा?" त्यांनी विषय बदलला.

"तो नव्या जमान्यातला फॉरमॅट. फाइल सगळ्यात लहान आणि आवाज स्वच्छ. पण तो उलगडून वाजवायला मशीनला डोकं लावावं लागतं. हे मशीन आधीच वाचून दाखवायचं काम करतंय, त्यात वेग वाढवायचं काम, त्यात हे. दम लागतो त्याला. पहिला होता तो फारच दाबलेला. जागा नाही म्हणून गेल्या आठवड्यात मी तसा करून बघितला, तर धम्मप्रियानं मला शिव्याच घातल्या."

"शिव्या न्हाई घातल्या," धम्मप्रिया म्हणाली. "म्हनलं, ह्याच्यापरीस छापील पुस्तकावर बोटं फिरवत बसते."

पण बाईंचं लक्ष भलत्याच शब्दावर अडकलं होतं. "वेग वाढवायचं काम म्हणजे?"

प्रीतमनं धम्मप्रियाकडे बघितलं. तिला ते बघणं दिसलं नाही, पण खोलीत पडलेली शांतता कळली असावी.

"बाई, आमी जोरात ऐकतो," ती शेवटी म्हणाली. "म्हंजे, पळवत. साध्या वेगात ऐकत बसलं तर एक पुस्तक संपायला किती दिवस जायलेत! डोळेवाले नजर टाकतात की पान झालं. आमाला कानानं पळावं लागतंय. म्हनून तिप्पट."

"लाव," बाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या बाई."

"लाव म्हणते ना."

धम्मप्रियानं इतिहासाचं प्रकरण लावलं. स्पीकरमधून जे बाहेर पडलं त्यात तारामती इगे कुठंच नव्हत्या. खारीला कुणी वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं असतं तर ती तशी बोलली असती. लढाई सुरू होऊन कधी संपली ते कळलं नाही. राजा पडला तो तर चुटकीसरशी. ज्या विरामासाठी बाईंनी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केला होता, तो विराम पापणी लवायच्या आत गेला. गोल करून बसलेल्या मुली, गालावरचे हात, संध्याकाळ, सगळं त्या चिवचिवाटात वाहून गेलं. बाईंना फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं चेहऱ्यावर आल्याचं निदान या मुलीला दिसत नाही, एवढाच एक दिलासा होता.

"कळतं तुला हे?"

"समदं कळतं की. बाई, खरं सांगू? तुमचंच लई चांगलं कळतं. दुसऱ्यांचं दुपटीलाच तुटतंय. तुमचे शब्द सुटे सुटे असतात." ती थांबली. मग एकदम, परत हिंमत होणार नाही अशा घाईनं म्हणाली, "फकस्त एक हाय. तुमी आवाज खाली नेता ना, कुजबुजल्यावानी, तेवढं जातंय. मंग मागं जाऊन हळू करून ऐकावं लागतं. एकेका प्रकरनात दहादा. हे पुस्तक तेवढं सरळ वाचा न बाई. एका पट्टीत. भाव नगं."

"बरोबर आहे तिचं," प्रीतम म्हणाला. "दाबताना प्रोग्रामला कुजबुज आणि खोलीतली घरघर वेगळी काढता येत नाही. दोन्हीचा मिळून चिखल होतो. आणि बाई, एक विचारू? प्रत्येक प्रकरणाला शेवटी तुमचं नाव येतं, ते काढून टाकायचं का? नाहीतरी सगळं छाटायलोच आहे."

"न्हाई!" धम्मप्रिया एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पलीकडच्या मशीनवरची मुलगी दचकली. "नाव काढू नका. ते ऱ्हाऊ द्या."

बाईंना वाटलं, कीव केली. वाचनातला जीव काढून घेतला, आता म्हातारीचं नाव तरी राहू द्या. त्यांनी पदर सावरला, प्रीतमला म्हणाल्या, "दाबा काय दाबायचं ते," आणि चहा न घेताच निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी धान्याच्या खोलीचं दार दोन दिवस उघडलं नाही. व्यंकटरावांनी आपलं नेहमीप्रमाणे सकाळी मोटर बंद करून बघितली. ओट्यावर बसूनही बघितलं. आतून काहीच आवाज येईना.

"काय झालं गं? आजारी हायस का?"

"माझं वाचन त्यांना नको आहे. नुसते शब्द हवे आहेत."

व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं. तिप्पट वेगाचं ऐकून त्यांना आधी हसू आलं, पण बायकोकडे बघून त्यांनी ते मिशीतच ठेवलं. "त्या लेकराची परीक्षा कधी हाय?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"मंग रुसायला दिवस कुठं हाय? परीक्षा झाल्यावर रुस."

जेवण झाल्यावर बाई खोलीत गेल्या. प्रशासनाचं पुस्तक उघडलं आणि सरळ वाचायला घेतलं. सांगायला सोपं आहे. जन्मभर ज्यानं पुरण घातलं त्याला नुसती कणीक लाटायला सांगून बघावं! पहिल्याच पानावर आवाज सवयीनं खाली उतरायला लागला, तेव्हा बाईंनी स्वतःलाच झापलं आणि वाक्य पुन्हा घेतलं. वाक्याची सुरुवात जेवढी खणखणीत तेवढाच शेवट. विराम नाही, हुंकार नाही. जिल्हाधिकाऱ्याचे अधिकार त्यांनी असे वाचले की ओट्यावरच्या व्यंकटरावांना वाटलं, आत रेडिओवर बाजारभाव लागलेत.

असं करत पुस्तक संपत आलं. मेहनतीत बाईंनी कसूर केली नाही, ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण राग होता, आणि तो कुठं तरी निघायलाच हवा होता. तो शेवटी निघाला. प्रकरण संपलं की त्या थांबायच्या, नाव तोंडाशी यायचं, आणि ओठ घट्ट मिटून त्या बटण बंद करायच्या. ज्या वाचनात आपण नाही, त्याला आपलं नाव कशाला? पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत त्यांनी कुठंही नाव घेतलं नाही. व्यंकटराव आडतीला सोयाबीन घेऊन लातूरला निघाले, त्यांच्या हाती त्यांनी पेन ड्राइव्ह पाठवून दिला.

मग त्या वाट बघायला लागल्या. कशाची, ते त्यांनी व्यंकटरावांनाही सांगितलं नाही. प्रीतमचा निरोप आला, फायली पोचल्या, छान दाबल्या गेल्या, मशीन झकास वाजवतंय. बस, एवढंच. नाव नसल्याचं कुणाच्या लक्षातही आलेलं दिसत नव्हतं. बाईंनी स्वतःच टाकलेलं नाव, आणि ते कुणी विचारलं नाही म्हणून बाईच तळमळत होत्या. शेवटी आठवड्यानं, पेन ड्राइव्ह परत आणायचा आहे असं घरात सांगून, त्या एसटीत बसल्या. पेन ड्राइव्ह तर व्यंकटरावांबरोबरही आला असता.

दुपारची वेळ होती. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाईंनी बाहेर चपला काढल्या आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या. प्रीतम कोपऱ्यातल्या मशीनचं पोट उघडून बसला होता. धम्मप्रिया दाराकडे पाठ करून, खुर्चीत किंचित पुढं झुकून ऐकत होती. हेडफोनची एक बाजू कधीची बंद पडलेली, म्हणून स्पीकरवरच चाललं होतं. इतिहासाची उजळणी होती. तोच चिवचिवाट, तोच पळत सुटलेला राजा. बाईंना वाटलं, मागच्या मागे फिरावं.

तेवढ्यात प्रकरण संपलं. धम्मप्रियाचं बोट कीबोर्डवर सरकलं, अगदी सवयीनं, ठरलेल्या जागी, आणि चिवचिवाट थांबला. खोलीत बाईंचा खरा आवाज आला. सावकाश, भरलेला, जसा धान्याच्या खोलीत निघाला होता तसाच.

"वाचन, तारामती इगे, रेणापूर."

धम्मप्रियानं तो पुरता ऐकून घेतला. मग पुन्हा बोट सरकलं, फाइल बदलली आणि तिप्पट वेग सुरू झाला. बाईंनी दाराची चौकट धरली.

आता प्रशासनाचं पुस्तक होतं, आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं प्रकरण. सरळ, एका पट्टीतलं वाचन सरसर पुढं जात होतं, आणि धम्मप्रियाला एकदाही मागं जावं लागलं नाही. मुलीची मान हलत होती, ती पुटपुटत सोबत पाठ करत होती. प्रकरणाचा शेवट आला. बोट पुन्हा त्याच जागी गेलं. वेग साधा झाला.

स्पीकरमधून काहीच आलं नाही. नुसती खोलीतली शांतता, मागं कुठं तरी दूर कुत्र्याचं एक भुंकणं, आणि फाइल संपली. तरी धम्मप्रिया तशीच बसून राहिली. बोट बटणावर, मान किंचित तिरपी, येणाऱ्या पाहुण्याची पावलं ऐकावीत तशी.

"याच्याबी शेवटी न्हाई," ती प्रीतमला म्हणाली. "मी म्हनलं, ह्या प्रकरनाला तरी असंल. तुमी तर छाटलं न्हाई ना?"

"आईशप्पथ नाही. आलंच नव्हतं."

"बाईला विचारावं का? पन कसं विचारावं? आधीच मी लई बोलून बसले त्यांला."

दारातून आवाज आला, "वाचन." पुढं काही उमटेना. जन्मभर ज्या आवाजानं सभा गाजवल्या त्याला एवढंसं वाक्य पेलेना. बाईंनी घसा साफ केला. "वाचन, तारामती इगे, रेणापूर."

धम्मप्रिया खुर्चीतून उठली. हा आवाज स्पीकरमधला नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. "बाई! कवा आलात?"

"आत्ताच. नाव मीच टाकलं नव्हतं गं. राग आला होता मला. मला वाटलं, तिप्पट वेगात माझं नाव ऐकतं कोण?"

"नाव कुनीच पळवत न्हाई इथं," धम्मप्रिया म्हणाली. "समद्या पोरी तिथं हळू करतात. कोन वाचायलंय आपल्यासाठी, ते नगं का ऐकायला?"

बाई आत आल्या आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. प्रीतमनं हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाला, माईक इथं आहे, एकदा नाव घ्या, मी तेच सगळ्या प्रकरणांना चिकटवून टाकतो.

"नाही," बाई म्हणाल्या. "प्रत्येक प्रकरणाला वेगळं म्हणते. चिकटवलेलं या पोरीला लगेच कळेल."

प्रीतमनं पंखा बंद केला आणि दार लोटून घेतलं. धम्मप्रियानं चाचपत माईक उचलून बाईंच्या पुढ्यात ठेवला, आणि हळूच म्हणाली, "बाई, हितं मातर भाव आनला तरी चालंल."

त्या दिवशी बाईंना सगळे कष्ट पडले ते भरून येणारा आवाज सरळ ठेवायलाच.